घर कितलाले पडलं? रुपयांत नको, वर्षांत सांगा

धाकट्या बहिणीचा अमळनेरहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर बिबड्या वाळत घालत होते. "आक्का, पोर्‍यानी पुणामा घर लेवानं का आठेच बांधानं? तू हिशोबवाली शे ना, सांग." म्हणजे पोराने पुण्यात घर घ्यायचं की इथेच बांधायचं. मी भुसावळला रेल्वेच्या हिशेब खात्यात 31 वर्षं काढली. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात कुणी प्लॉट, फ्लॅट, गेला बाजार म्हैस जरी घ्यायची म्हटली, तरी वही माझ्यासमोर येते.

त्या दिवशी मी फोनवरच हिशेब केला. फ्लॅट 88 लाखांचा, भाचा आणि भाचेसून दोघांचं पॅकेज मिळून साडेबावीस लाख. भागाकार 3.9. म्हणजे चार वर्षांच्याही आतली कमाई! आमच्या शेजारी रेल्वेतल्या टेक्निशियनने रो-हाऊस घेतलं होतं, त्याचा भागाकार साडेचारच्या वर जात होता. मी म्हटलं, घ्या बिनधास्त, पुणं तर भुसावळपेक्षा स्वस्त निघालं. दीड महिन्याने बहीण स्वतःच्या पाटल्या घेऊन जळगावच्या सराफ बाजारात उभी होती.

भागाकार बरोबर होता, पण वरचा आकडा अपुरा होता आणि खालचा फुगलेला. तेव्हापासून हा हिशेब कसा करायचा याची मी एक रीत बसवली आहे. घराची पूर्ण किंमत भागिले घरात वर्षाला येणारे पैसे. उत्तर वर्षांत येतं. रीत एवढीच. सगळी गोम आहे ती हे दोन आकडे आणायचे कुठून आणि कसे, यात.

आधी वरचा आकडा. बिल्डर सांगतो ती किंमत म्हणजे लग्नपत्रिका. खर्च पुढे असतो. भाच्याच्या इमारतीचं काम चालू होतं, म्हणून 5 टक्के जीएसटी लागला: 4 लाख 40 हजार. पुण्याला मुद्रांक शुल्क 7 टक्के: 6 लाख 16 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण ती जास्तीत जास्त 30 हजार. 88 लाखांचं घर 98 लाख 86 हजारांना पडलं. वर पार्किंग, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, ते मी धरलेलंच नाही. बँकेने 88 च्या 80 टक्के कर्ज दिलं. उरलेले 17 लाख 60 हजार आणि हे वरचे पावणेअकरा लाख खिशातून. पाटल्या गेल्या त्या इथे.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी लागत नाही. 45 लाखांच्या आतलं आणि ठरावीक क्षेत्रफळात बसणारं घर असेल तर तो 1 टक्काच आहे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. म्हणजे इथे 88 हजार वाचले असते. मला ते आठवलं तेव्हा दस्तावर अंगठे उमटून झाले होते. बहिणीने त्यावरून मला अजून सोडलेलं नाही.

शेजाऱ्याचं रो-हाऊस तयार होतं. 34 लाख, 6 टक्क्यांनी मुद्रांक 2 लाख 4 हजार, नोंदणी 30 हजार. एकूण 36 लाख 34 हजार.

आता माप. या ठिकाणी शहाणी माणसंही फसतात; मीही फसले. भाच्याच्या माहितीपत्रकावर 950 चौरस फूट छापलेलं होतं. ते सुपर बिल्टअप. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, काय वाटेल ते. दाराच्या आत पायाखाली येणारी जागा, म्हणजे कार्पेट, 640. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, 2017 च्या मे महिन्यात सुरू झालं तेव्हापासून कार्पेटवरच व्यवहार करायचा नियम आहे, पण बोलण्यात आणि जाहिरातीत मोठा आकडा अजून मिरवतो. शेजाऱ्याच्या घराचं कार्पेट मी स्वतः टेप लावून मोजलं: 680. त्याचा भाव निघाला 5,000 रुपये फूट. पुण्याचा 950 ने भागला तर 9,263, म्हणजे भुसावळच्या दुप्पटही नाही. 640 ने भागला तर 13,750, म्हणजे थेट पावणेतीन पट. घर तेच, पैसे तेवढेच, फक्त भाजक बदलला.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. खान्देशात अजून पुष्कळ लोक फ्लॅट घेत नाहीत, प्लॉट घेऊन बांधतात. प्लॉटवाला गुंठ्यात बोलतो (एक गुंठा 1,089 चौरस फूट), गवंडी फुटात बोलतो आणि सरकारचा रेडी रेकनर चौरस मीटरमध्ये. चौरस मीटरचा दर 10.764 ने भागला की फुटाचा दर येतो. प्लॉटची तुलना फ्लॅटशी करताना जमीन, बांधकाम, बोअर, कंपाऊंड, एन.ए. (बिगरशेती) नसेल तर तो खर्च, सगळं एका बेरजेत घ्या. "प्लॉट तर आठच लाखांना मिळाला" हे घराच्या किमतीचं उत्तर नव्हे.

भाव विचारायला एजंटकडे जाऊ नका, निदान आधी तरी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे लोक ज्याला इंडेक्स टू म्हणतात, ती नोंदलेल्या व्यवहारांची यादी शोधता येते. त्या भागातले गेल्या वर्षाचे दहा-अकरा व्यवहार काढा आणि किमती चढत्या क्रमाने लिहा. मधला घ्या, सरासरी नको. जुन्या व्यवहारांत थोडी रक्कम कागदाबाहेर गेलेली असते हे आपल्याला माहीत असतं, पण ते दोन्ही गावांत असतं, म्हणून तुलनेत फार बिघडत नाही. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे. बाजारभाव त्याच्या वरही असतो, खालीही. तो भागा-भागांची प्रतवारी कळायला उपयोगी, किंमत कळायला नाही.

वर्तमानपत्रात घरांच्या किमतींचा निर्देशांक येतो, तोही इथे चालत नाही. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा रेसिडेक्स 2017-18 साल 100 धरून किमती किती चढल्या ते सांगतो. एका शहराचा 130 आणि दुसऱ्याचा 150 असेल तर पहिलं शहर स्वस्त ठरत नाही. तिथे चढ कमी झाली, एवढंच. शिवाय त्यातल्या 50 शहरांत आपल्या दोन बाजूंची सुरत आणि नाशिक आहेत, जळगाव-धुळे-नंदुरबार नाहीत. आपलं आपल्यालाच मोजावं लागतं.

खालचा आकडा मात्र खरा नाठाळ. "पगार किती?" असं विचारलंत तर पुण्याचं पोरगं पॅकेज सांगतं, सरकारी माणूस मूळ वेतन सांगतो आणि शेतकरी गप्प बसतो. मी विचारते, "महिन्याला घरात किती येतात, सगळ्यांचे मिळून?" भाच्याच्या घरी साडेबावीस लाखांच्या पॅकेजमधून खात्यात येतात महिन्याला दीड लाख. वर्षाचे 18. आता 98.86 भागिले 18 केलं की उत्तर साडेपाच वर्षं. शेजाऱ्याच्या हातात 62 हजार, वर्षाचे 7 लाख 44 हजार, त्याचं 4.9. पुणं स्वस्त नव्हतंच.

घरात म्हणजे कोण? जनगणनेत कुटुंब मोजतात ते चुलीवरून: एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. मीही तेच धरते. दोघे भाऊ एकत्र राहतात आणि घरही दोघांसाठी घेतायत, तर दोघांची कमाई. मोठा वेगळा झालाय आणि फक्त दिवाळीला फराळाला येतो, तर नाही. सुरतेला उधन्यात किंवा लिंबायतला राहणारा मुलगा घरी जे पाठवतो तेवढंच धरायचं. त्याची तिथली खोली आणि खाणावळ आपल्या बेरजेत येत नाही.

शेतकऱ्याचं एका वर्षाचं उत्पन्न कधीही घेऊ नका. 2021-22 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6,025 रुपये होता आणि 2022 च्या सुरुवातीला बाजारात तो 10 हजारांच्या वर गेला. आमच्या पाचोऱ्याकडच्या चुलतभावाने त्या वर्षाच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) धरून जळगावात प्लॉट बुक केला. पुढे भाव उतरला, हप्ते तिथेच राहिले. कापूस असो की केळी, पाच वर्षांच्या पट्ट्या काढा, त्यातून बी-बियाणं, खत, फवारणी, मजुरी, वाहतूक वजा करा, मग पाचांनी भागा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, सोपं असतं. त्याचं साल (वर्षाची मजुरी) आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरतं, ते अधिक बायकोची मजुरी. मजुरीचे दिवस मात्र 365 धरू नका. कामाला जाते त्या बाईलाच विचारा, ती बोटावर मोजून सांगते.

इथपर्यंत एका घराचा हिशेब झाला. गावाशी गाव तोलायचं तर आणखी एक पायरी आहे, आणि ती चुकली की सगळं फुकट.

आमच्या गल्लीत 11 घरं आहेत. महिन्याची कमाई हजारांत, मी विचारून आणि थोडी अंदाजाने लिहिलेली: 12, 15, 18, 18, 22, 25, 30, 40, 62, 80 आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचे 350. बेरीज 672, सरासरी 61 हजार. 11 पैकी तीनच घरं या सरासरीच्या वर आहेत. मधलं, म्हणजे सहावं घर, 25 हजारांचं. वर्षाचे 3 लाख. शेजाऱ्याच्या त्याच रो-हाऊसला सरासरीने भागलं तर पाच वर्षं, मधल्या घराच्या कमाईने भागलं तर बारा! डॉक्टरसाहेब उद्या नाशिकला गेले तर सरासरी निम्म्याच्या आसपास येईल आणि गल्ली तशीच राहील. म्हणून मधला आकडाच घ्यायचा.

भाच्याला सांगितलं, तूही अशी यादी कर. त्याने सोसायटीतली 11 घरं लिहून पाठवली. मी परत पाठवली. अरे, ज्यांना घर घेता आलं तेच तुझ्या सोसायटीत आहेत. ऑफिसचा गार्ड, डबा देणाऱ्या मावशी, रिक्षावाला, बँकेतली कॅशियर, असे धरून यादी कर. दुसऱ्या यादीत मधलं घर 48 हजारांचं निघालं, वर्षाचे 5 लाख 76 हजार. 98.86 ला त्याने भागलं की सतरा वर्षं. म्हणजे मधल्या कुटुंबाला नवं दोन बेडरूमचं घर भुसावळला बारा आणि पुण्याला सतरा वर्षांच्या कमाईचं. 11 घरं म्हणजे काही सर्वेक्षण नव्हे, हे मलाही कळतं. पण "पुण्याला पगार जास्त, म्हणून घर परवडतं" हे वाक्य पडताळायला तेवढं पुरतं.

जगातल्या शहरांचे असे तक्ते निघतात. त्यांत मधल्या घराची किंमत मधल्या कमाईच्या 3 पट किंवा कमी असेल तर परवडणारं आणि 5 च्या वर गेलं की फारच न परवडणारं म्हणतात. लक्षात घ्या, मधलं घर. नवं कोरं रो-हाऊस हे भुसावळचं मधलं घर नाही. मी इंडेक्स टूमधून काढलेल्या व्यवहारांत मधली किंमत 24 लाख आली: जुने फ्लॅट, एक बेडरूमवाले. 24 भागिले 3, आठ. तरी आठच. "आपल्याकडे घरं स्वस्त" म्हणणाऱ्याला मी हा आठ दाखवते.

गल्ली विचारायची लाज वाटते? मग सरकारी आकडे घ्या, पण जपून. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, तिच्यात जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न असतं. मुंबई, ठाणे, पुणे वर, नंदुरबार तळाच्या जिल्ह्यांत. पण दरडोई उत्पन्न म्हणजे कुणाच्या हातात पडलेले पैसे नव्हेत. कारखान्याचा नफाही त्यात डोक्यागणिक वाटलेला असतो. क्रम लावायला घ्या, भागाकाराला नको. त्यापेक्षा घरगुती खर्चाची पाहणी बरी. 2023-24 मध्ये देशात शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च 6,996 रुपये आणि ग्रामीण माणसाचा 4,122 आला. चौघांच्या शहरी कुटुंबाचे वर्षाला 3 लाख 36 हजार होतात. हा खर्च आहे, कमाई नाही, शिवाय सरासरी आहे. पण कुणी "आजकाल लाखभर तर सगळ्यांनाच मिळतात" म्हणालं की हा आकडा पुढे ठेवा.

नंदुरबारने मला वेगळंच शिकवलं. तिथे माझी पुतणी आणि तिचा नवरा दोघे शिक्षक, महिन्याला घरात 1 लाख 10 हजार. 30 लाखांचं घर त्यांना सव्वादोन वर्षांचं. पगार राज्याच्या मापाचा, घराची किंमत जिल्ह्याच्या मापाची. त्याच गावात मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्या कुटुंबाचा भागाकार करायला बसले तर पेन थांबतं. लहान गावात नव्या घरांचे भाव मधलं कुटुंब ठरवतच नाही. नोकरदार जोडपी, डॉक्टर, हायवेच्या भूसंपादनाचा मोबदला मिळालेले, पुण्या-सुरतेतून पैसे पाठवणारी मुलं ठरवतात. म्हणून एका गावासाठी एक आकडा लिहून थांबू नका. मी दोन लिहिते: मधल्या कुटुंबाचा आणि पक्क्या पगारवाल्याचा. दोहोंत जितकं अंतर, तितकं ते गाव बाहेरच्या पैशावर चढलेलं.

नुसत्या किमतीचा फरक बघायचा असेल तर रेल्वेवाल्याइतका चांगला नमुना नाही. शेजाऱ्याचा बॅचमेट कल्याणला आहे. पद तेच, मूळ वेतन तेच 50 हजार. केंद्राचा महागाई भत्ता जानेवारी 2024 पासून 50 टक्क्यांवर गेला, तेव्हा घरभाडे भत्ता मोठ्या शहरांना 30 टक्के आणि भुसावळसारख्या झेड वर्गातल्या गावांना 10 टक्के झाला. म्हणजे एकाला 15 हजार, दुसऱ्याला 5. घरभाडे भत्त्यातला फरक महिन्याला 10 हजारांचा. कल्याणवाल्याच्या हातात 72 हजार, वर्षाचे 8 लाख 64 हजार, आणि त्याने बघितलेलं घर सगळं धरून 80 लाखांना. नऊ वर्षांच्या वर. आपला शेजारी 4.9 वर. त्या 10 हजारांत कल्याणची चार वर्षं भरून निघत नाहीत.

वर्षांचा आकडा आला की तो हप्त्यात बदलायची माझी युक्ती आहे. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांच्या कर्जाला लाखामागे महिना 900 रुपये पडतात. किमतीच्या 80 टक्के कर्ज धरलं तर भागाकारातल्या प्रत्येक एका वर्षामागे महिन्याच्या कमाईतले साधारण साडेआठ टक्के हप्त्यात जातात. चार वर्षांचं घर म्हणजे 35 टक्के, पाचचं 43, आठचं 69. बाराला गुणून बघा, 100 च्या वर जातं. तिथे बँक चहासुद्धा विचारणार नाही. व्याजदर उतरला की टक्के थोडे उतरतात. 8.5 ला लाखामागे 868.

भाड्याचंही एकदा बघून घ्या, फार वेळ लागत नाही. शेजाऱ्यासारख्या घराला इथे भाडं 7 हजार, म्हणजे 34 लाख भरून निघायला 40 वर्षं. भाच्याच्या फ्लॅटसारख्याला 26 हजार, तिथे 28 वर्षं. किंमत-कमाईत भुसावळ पुण्याइतकं जड नाही, पण विकत की भाड्याने हा प्रश्न असेल तर भाड्याने राहणं भुसावळलाच जास्त फायद्याचं. हे बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "भाडाना घरमा लगीन कोण करी?" तो रकाना माझ्या वहीत नाही.

एक शेवटचं. पानाच्या डोक्यावर तारीख घाला, आणि किंमत नि कमाई एकाच वर्षाची घ्या. रेडी रेकनरचे नवे दर 1 एप्रिलपासून लागतात, सालदाराचं साल आखाजीला बदलतं, सरकारी भत्ता जानेवारी आणि जुलैला. मी मे महिन्यात सगळं एकदम ताजं करते, वाळवणं उरकली की. माझ्या वहीत चोपडा गावाची दोन पानं होती, सुरेख अक्षरात, प्रत्येक व्यवहार चौकट करून. तारीख नाही. दोन्ही रद्दीत गेली.